व्हिसांमधला गॅप आणि ब्रिटनची आयएलआर : घड्याळ कधी चालू राहतं, कधी शून्यावर येतं

पिंपळपान

ब्रिटनमध्ये आयएलआर (इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन), म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळायला सलग पाच किंवा दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि त्यावरून यूकेच्या धाग्यांवर एक प्रश्न रूप बदलून सतत येतो. "एक व्हिसा संपला, दुसरा हातात यायला इतके दिवस गेले. माझी आधीची वर्षं गेली का?" विचारणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो आणि उत्तर मिळतं, "चालतं हो, १४ दिवसांची सूट असते." या अर्धवट उत्तरावर विसंबून लोकांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा धागा. मी सॉलिसिटर नाही, पण ओळखीच्या बऱ्याच जणांचे अर्ज भरताना सोबत बसले आहे आणि नियमांचं मूळ वाचायची सवय आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. लोक तीन वेगळ्या गोष्टींना 'गॅप' म्हणतात. एक, नोकरीतला गॅप. दुसरा, देशाबाहेर राहिल्याचा गॅप. तिसरा, परवानगीतला गॅप, म्हणजे तुम्ही ब्रिटनमध्ये होतात पण तेव्हा तुमच्याकडे राहायची कायदेशीर परवानगीच नव्हती. आयएलआरसाठी सलग वास्तव्य मोडतं ते मुख्यतः तिसऱ्याने. दुसऱ्याला स्वतःची मर्यादा आहे. पहिल्याने थेट मोडत नाही, पण तो तिसऱ्याकडे ढकलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. निर्णय कधी आला याने गॅप ठरत नाही, अर्ज कधी केला याने ठरतो. समजा तुमची परवानगी ३० जूनला संपते. तुम्ही २८ जूनला ऑनलाइन अर्ज भरून पैसे भरलेत आणि उत्तर सप्टेंबरमध्ये आलं. जुलै आणि ऑगस्ट हा गॅप नाही. १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टच्या कलम ३सी प्रमाणे जुनी परवानगी त्याच अटींसह आपोआप पुढे चालू राहते. नोकरीची मुभा असेल तर तीही राहते. नकार आला आणि अपील किंवा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूची (खात्याकडूनच फेरतपासणीची) मुभा असली, तर ती मुदत संपेपर्यंत किंवा मुदतीत केलेल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत थ्री-सी चालतं.

पण थ्री-सीला तीन ठिकाणी तडा जातो आणि तिथेच बरेचजण अडकतात.

अर्ज 'व्हॅलिड' नसेल तर तो केलाच नाही असं धरलं जातं. फी कमी भरली, चुकीचा फॉर्म निवडला, बायोमेट्रिक्सला गेलाच नाहीत, तर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) अर्ज अवैध ठरवू शकतं. हे पत्र काही आठवड्यांनी येतं. तोवर ३० जून मागे पडलेला असतो, थ्री-सीचं छत्र नसतं आणि गॅप मागल्या तारखेपासून मोजला जातो.

दुसरं, अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो मागे घेतल्याचं धरतात आणि थ्री-सी तिथेच संपतं. घरी कोणी आजारी आहे, लग्न आहे, तिकीट स्वस्त मिळालं, कारण काहीही असो. आयर्लंड, चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन हे ब्रिटनसोबतच्या कॉमन ट्रॅव्हल एरियात (मुक्त प्रवासाच्या भागात) येतात, त्याबाहेर गेलात की अर्ज गेला.

तिसरं, अर्ज स्वतःहून मागे घेतला तर. थ्री-सी चालू असताना दुसरा नवा अर्ज करता येत नाही, आहे तोच बदलता येतो, त्याला व्हेरिएशन म्हणतात. घाईत 'आधीचा मागे घेतो आणि नवा करतो' असं करू नका.

आता ती १४ दिवसांची सूट. २४ नोव्हेंबर २०१६ च्या आधी २८ दिवस दुर्लक्षित होत, कारण विचारलं जात नसे. त्या दिवसापासून १४ दिवस झाले आणि अट आली : वेळेत अर्ज न करण्यामागे अर्जदाराच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या हाताबाहेरचं सबळ कारण हवं आणि ते अर्जातच किंवा अर्जासोबत द्यायला हवं. सॉलिसिटर मंडळी याला इमिग्रेशन नियमांतल्या परिच्छेदावरून '३९ई' म्हणत आली आहेत. अचानक हॉस्पिटलमध्ये भरती, जवळच्या माणसाचा मृत्यू, विद्यापीठाकडून कास (प्रवेशाची खात्री देणारा, व्हिसासाठी लागणारा क्रमांक) वेळेवर न मिळणं, अशी कारणं चालू शकतात, पुरावा असेल तर. 'तारीख लक्षात राहिली नाही' हे कारण नाही. 'वकिलाने उशीर केला' हेही नाही, कारण नियमात प्रतिनिधीचा उल्लेख मुद्दाम आहे.

आणि ही सूट मिळाली तरी त्या १४ दिवसांत तुमच्याकडे काम करायचा हक्क नसतो. सूट म्हणजे ओव्हरस्टेकडे (मुदत संपल्यानंतरच्या मुक्कामाकडे) दुर्लक्ष, परवानगी नव्हे. ते दिवस सलगता मोडत नाहीत, पण पाच किंवा दहा वर्षांच्या बेरजेतही धरले जात नाहीत. तेवढे दिवस पुढे मोजूनच आयएलआरचा अर्ज करा.

आधीचा वेळेत केलेला अर्ज नाकारला गेला आणि त्यानंतर १४ दिवसांत पुन्हा अर्ज केला, तर तोही गॅप माफ होतो. तिथे सबळ कारणाची अट नाही. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि नकार आला की ते हातपाय गाळून बसतात. नकाराचं पत्र आलं त्याच दिवशी कॅलेंडरवर १४ दिवस मोजा. अपील किंवा रिव्ह्यूची मुभा असेल तर दिवस कुठून मोजायचे ते बदलतं, म्हणून पत्र नीट वाचा.


चौकट

फार गरजेचा धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा. स्टुडंट, मग ग्रॅज्युएट, मग स्किल्ड वर्कर असा माझा व्हिसांचा प्रवास. ग्रॅज्युएट संपायच्या आत स्किल्ड वर्करचा अर्ज केला, गॅप शून्य. तरी एचआर म्हणते पाच वर्षं स्किल्ड वर्करपासूनच मोजा. बरोबर आहे का?


पिंपळपान

@चौकट, एचआरचं बरोबर आहे. स्टुडंट आणि ग्रॅज्युएट (१ जुलै २०२१ ला सुरू झालेला) हे दोन्ही पाच वर्षांच्या मार्गात धरत नाहीत. पण वाया जात नाहीत. दहा वर्षांच्या लाँग रेसिडेन्समध्ये (सलग दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यावर आयएलआर देणारा मार्ग) त्यांचा प्रत्येक दिवस मोजला जातो. म्हणून तुमच्यासारख्यांनी दोन घड्याळं ठेवायची : एक स्किल्ड वर्करच्या दिवसापासून, दुसरं स्टुडंट म्हणून पाय ठेवल्यापासून. जे आधी पूर्ण होईल त्यावर अर्ज करायचा.

गॅपची धास्ती दहा वर्षांच्या मार्गात जास्त, कारण जोड जास्त असतात. प्रत्येक जोडाजवळ एक तारीख सांभाळावी लागते.


रानवाट

माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. कंपनीने रिडंडन्सी (नोकरकपात) जाहीर केली. मला वाटलं, नवा अर्ज करायला शेवटच्या दिवसापासून साठ दिवस. मैत्रिणीला वाटलं, पत्र आल्यापासून साठ. कोणाचं खरं?


पिंपळपान

@रानवाट, पत्रात लिहिलेली तारीख खरी. स्पॉन्सरने (ज्या कंपनीच्या जोरावर व्हिसा मिळाला तिने) नोकरी संपल्याचं दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. मग होम ऑफिस तुमची परवानगी कमी करतं, साधारणपणे साठ दिवसांवर आणतं, आणि नवी शेवटची तारीख कळवतं. त्या तारखेपर्यंत तुम्ही कायदेशीर आहात. त्याआधी नव्या स्पॉन्सरच्या सीओएसवर (नोकरीसाठी दिलेल्या स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्रावर) किंवा दुसऱ्या मार्गाने वैध अर्ज गेला तर सलगता टिकते, नोकरी मधल्या काळात नसली तरी. पत्र यायला कधी कधी वेळ लागतो. पण ते आलं नाही म्हणून वेळ आहे असं समजून बसू नका, साठाचा हिशोब शेवटच्या कामाच्या दिवसापासूनच धरा आणि स्वतःला घाई करा.

मात्र आयएलआरच्या दिवशी स्पॉन्सर असावा लागतो, त्याला तुमची गरज अजून आहे आणि पगार नियमाप्रमाणे आहे हे दाखवावं लागतं. सलगता आहे पण नोकरी नाही, तर त्या मार्गावर अर्ज चालत नाही.


रानवाट

हो, तेच झालं. मुलाखती रोज सुरू होत्या. ऑफर आली पण नवी कंपनी पहिल्यांदाच स्पॉन्सर करत होती, सीओएस द्यायला त्यांना वेळ लागत होता. मी रोज फोन करायचे. शेवटी नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून अर्ज टाकला, तारखेच्या आत. त्याची परवानगी अजून चालू होती. देशात राहायचा हक्क टिकला, आणि नंतर पुन्हा स्किल्ड वर्करवर आले. पाच वर्षांचं घड्याळ परत सुरुवातीपासून, पण दहा वर्षांचं चालू आहे.

ज्यांचा जोडीदार वेगळ्या व्हिसावर आहे त्यांनी हा पर्याय डोक्यात ठेवावा. मला त्या आठवड्यात कोणीच सांगितला नव्हता.


पिंपळपान

@रानवाट, तुम्ही त्या आठवड्यात फार मोठा निर्णय योग्य घेतलात. वेळेत केलेला 'दुसऱ्या दर्जाचा' अर्ज हा उशिरा केलेल्या 'योग्य' अर्जापेक्षा शंभर पटीने बरा.


कवडसा

माझा जुना गॅप आहे. २०१५ मध्ये एक एक्स्टेंशन उशिरा केलं होतं, मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी. मिळालं. आता दहा वर्षांवर अर्ज करायचा विचार आहे तर सॉलिसिटर म्हणतो जोखीम आहे. पैसे घेऊन घाबरवतोय असं वाटतं.


पिंपळपान

@कवडसा, तीन आठवडे म्हणजे २८ दिवसांच्या आत, आणि २४ नोव्हेंबर २०१६ च्या आधीचं. तो काळ दुर्लक्षित व्हायला हवा. नंतर परवानगी मिळाली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना परवानगी असलेला बंदिस्त गॅप आहे. असाच गॅप माफीत बसतो. पुढे काहीच नसलेला उघडा ओव्हरस्टे माफीत बसत नाही. कोर्टाने २०२० च्या होक खटल्यात हाच फरक केला होता.

सॉलिसिटर घाबरवतोय असं मी म्हणणार नाही. त्याला विचारा : 'जोखीम नेमकी कोणत्या दिवसात दिसते?' कदाचित तो गॅपबद्दल नव्हे, परदेशातल्या दिवसांबद्दल बोलत असेल. ११ एप्रिल २०२४ पासून लाँग रेसिडेन्सचे नियम नव्या परिशिष्टात गेले. त्याआधी सुरू झालेल्या गैरहजेरीला एका वेळी १८४ दिवसांची मर्यादा, आणि दहा वर्षं त्या तारखेआधीच पूर्ण झाली असतील तर एकूण ५४८ दिवसांचीही. त्यानंतरच्या गैरहजेरीला कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवस. दोन्ही हिशोब तुमच्या एका अर्जात लागतील.


चौकट

बारा महिने म्हणजे जानेवारी ते डिसेंबर का?


पिंपळपान

@चौकट, नाही. कुठलेही सलग बारा महिने, सरकती खिडकी. प्रत्येक तारखेपासून मागे वर्षभर बघायचं. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस धरतात. आणि व्हिसा मंजूर झाल्यापासून ब्रिटनमध्ये पाऊल टाकेपर्यंतचे दिवसही गैरहजेरी म्हणून मोजले जाऊ शकतात, ते विसरू नका.

पुराव्यासाठी एक साधी युक्ती. ब्रिटन बाहेर पडताना शिक्का मारत नाही, पण भारताचं इमिग्रेशन मारतं. जुन्या पासपोर्टवरचे मुंबई विमानतळावरचे आगमन-निर्गमनाचे शिक्के तुमचा प्रवासाचा पट उभा करतात. जुना पासपोर्ट नूतनीकरणानंतर परत मिळतो, तो रद्दीत टाकू नका.


बर्लिनकर

जर्मनीतून लिहितो आहे, तुलनेसाठी. इथे मुदत संपायच्या आत अर्ज केला की कलम ८१(४) मुळे जुनी परवानगी निर्णयापर्यंत चालू असल्याचं मानतात आणि त्याचा कागद देतात, त्याला फिक्सिओन्स-बेशायनिगुंग म्हणतात. गॅप झालाच तर कलम ८५ प्रमाणे एका वर्षापर्यंतचा खंड दुर्लक्षित करता येऊ शकतो. 'करता येऊ शकतो', हक्क नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तुमच्याकडे १४ दिवस हे वाचून अंगावर काटा आला.


डोंगरदरी

अमेरिकेतलं सांगतो, नोकरीच्या ग्रीन कार्डबाबतच. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर स्टेटस तुटल्याचे किंवा विनापरवाना कामाचे दिवस मिळून १८० पेक्षा जास्त नसतील तर कलम २४५(के) मुळे देशातच स्टेटस बदलता येतं. एच-१बी वर नोकरी गेल्यावर साठ दिवसांपर्यंतची सवलत २०१७ पासून आहे. पण विनापरवाना मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला आणि मग बाहेर गेलात तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षं परत येण्याला बंदी. तिथे गॅप मोजणं आणि देशाबाहेर पडणं एकत्र पाहावं लागतं, कोणी घाईने विमानात बसू नये.


पिंपळपान

@बर्लिनकर, @डोंगरदरी, दोघांचे आभार. नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की एका देशातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या देशात घातक ठरतो. ब्रिटनमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे करून स्वखर्चाने परतलेल्याला साधारण वर्षभराची बंदी लागते. तीस दिवसांच्या आत निघून गेलात तर ती लागत नाही. पण आयएलआरच्या सलगतेचं काय झालं हा वेगळा प्रश्न, तो १४ दिवसांनीच ठरतो.


निळीशाई

माझी बायको आणि मी एकाच वेळी अर्ज करतो असं समजत होतो. नंतर पाहिलं तर तिच्या परवानगीची शेवटची तारीख माझ्यापेक्षा दोन महिने आधीची! कार्डावर तर दोघांच्याही ३१ डिसेंबर २०२४ लिहिलेलं होतं. असं कसं?


पिंपळपान

@निळीशाई, कार्डावरची तारीख कार्डाची होती, परवानगीची नव्हे. बीआरपी (बायोमेट्रिक रेसिडेन्स परमिटचं कार्ड) बंद होणार म्हणून बऱ्याच कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ छापलं होतं, परवानगी पुढे कितीही असो. खरी तारीख निर्णयाच्या पत्रात आणि आता ई-व्हिसात आहे. आजच लॉगिन करून दोघांच्याही आणि मुलं असतील तर त्यांच्याही तारखा उतरवून घ्या. डिपेंडंटचं घड्याळ स्वतंत्र असतं, गॅपही स्वतंत्र. मुख्य अर्जदाराचं सगळं स्वच्छ आहे म्हणून पत्नीचं आपोआप स्वच्छ होत नाही.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. मोठ्यांच्या धावपळीत मुलाच्या वेगळ्या अर्जाची तारीख निसटते, आणि ती पालकाशिवाय कोणी पाहत नाही.


निळीशाई

आत्ताच पाहिलं. ताई, तिची तारीख याच महिन्याच्या अखेरची आहे. तुमच्यामुळे कळलं. उद्याच अर्ज भरतो.


पिंपळपान

उद्या नको, आज रात्रीच भरा. सबमिट आणि पैसे भरल्याची पावती पीडीएफमध्ये ठेवा. थ्री-सी सिद्ध करणारा तोच कागद आहे, आणि कंपनीने काम करायच्या हक्काचा पुरावा मागितला तर त्यांना होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे (कंपन्यांसाठीच्या पडताळणी सेवेकडे) पाठवता येतं.


सांजवारा

माझं थोडं कठीण आहे. मी भारतात असताना स्किल्ड वर्कर संपला. बाबा आजारी होते, सगळं लक्ष तिकडे होतं. मुदतीनंतर नव्या कंपनीच्या सीओएसवर बाहेरूनच अर्ज केला, तो मिळाला. चार वर्षांवर पाणी पडलं का?


पिंपळपान

@सांजवारा, बाबा आता बरे आहेत अशी आशा करते. तुमच्यासाठी मोलाचा प्रश्न : मुदत संपली त्या तारखेपासून तुमचा एंट्री क्लिअरन्सचा (देशाबाहेरून करायचा व्हिसाचा) अर्ज किती दिवसांत गेला? निघताना परवानगी होती, अर्ज मुदतीआधी किंवा मुदत संपल्यापासून १४ दिवसांच्या आत केला आणि तो मंजूर झाला, तर सलगता टिकते. बाहेरून केलेल्या या अर्जात सबळ कारणाची अट नाही, ती देशातल्या ओव्हरस्टेला आहे. तुम्ही १४ च्या आत असाल तर चार वर्षं तुमचीच आहेत, फक्त बाहेरच्या दिवसांचा १८० चा हिशोब करा.


सांजवारा

अर्जाची ईमेल शोधली. मुदतीनंतर नऊ दिवसांनी. आत्ताच हातपाय जागेवर आले. मनापासून आभार.


पिंपळपान

उत्तम. ती ईमेल, त्या वेळची सीओएस आणि बोर्डिंग पास एकत्र ठेवा.

आता ज्यांचा गॅप खरोखर मोडणारा आहे त्यांच्यासाठी. लपवू नका. अर्जातला इतिहास होम ऑफिसकडे आहेच, आणि माहिती लपवली असं ठरलं तर नकाराचं कारण गॅपपेक्षा जड होतं. त्याऐवजी काय घडलं ते तारीखवार लिहा, पुरावे जोडा आणि तारतम्य वापरण्याची स्पष्ट विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही. म्हणून त्याच वेळी हातात दुसरी वाट ठेवा : घड्याळ पुढच्या परवानगीपासून नव्याने सुरू करून पाच वर्षं, जोडीदार ब्रिटिश किंवा सेटल्ड (कायम परवानगी असलेला) असल्यास कौटुंबिक मार्ग, आणि फारच जुन्यांसाठी वीस वर्षांच्या वास्तव्यावरचा प्रायव्हेट लाइफ मार्ग, ज्यात बेकायदेशीर वर्षंही मोजली जातात.

आणि हे लक्षात असू द्या : १२ मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सेटलमेंटची, म्हणजे आयएलआरची, मूळ मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा मनोदय सरकारने मांडला आणि २० नोव्हेंबर २०२५ ला त्यावर सूचना मागवल्या. मुदत लांबली तर गॅपने गमावलेल्या वर्षांची किंमत वाढते. म्हणून ज्यांची पाच वर्षं भरत आली आहेत त्यांनी आजची तारीख पाहून, नियम पुन्हा तपासून, अर्जाच्या दिवसाची आखणी करावी. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या २८ दिवस आधी अर्ज करता येतो. आयएलआरची फी एप्रिल २०२५ मध्ये ३,०२९ पौंड झाली होती, आणि त्या २८ दिवसांच्याही एक दिवस आधी अर्ज केला म्हणून नाकारला गेला तर ती परत येत नाही.


कवडसा

सगळ्या जुन्या तारखा मला आठवतच नाहीत. पत्रं हरवली आहेत. काय करू?


पिंपळपान

सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट करा. होम ऑफिसने तुमच्याबद्दल ठेवलेल्या नोंदी मोफत मागता येतात, साधारण एका महिन्यात उत्तर येतं. जुन्या पासपोर्टचे क्रमांक आणि त्या वेळचे पत्ते द्या म्हणजे फाइल सापडते. ती आली की तीन रकाने करा : परवानगी कधी सुरू, कधी संपली, पुढचा अर्ज कधी गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याची तुलना केली की कुठे गॅप आहे ते लगेच दिसेल. नंतर इथे तेवढ्या तारखा लिहा, नाव-गाव नको, एकत्र बघू.